शेवटून दुसऱ्या अक्षरावर

बऱ्हाणपुरात स्पॅनिश बोलणारी एकच बाई होती आणि ती आमच्या स्वयंपाकघरात राहायची. झोपायला तिला मधली खोली दिलेली होती, पण दिवसभर तिचा मुक्काम ओट्यापाशी. पीठ मळताना, डाळ निवडताना ती स्वतःशी जे पुटपुटायची ते आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात शिरत नसे. ही माझी कुमुदआत्या, बाबांची धाकटी बहीण. तिचे यजमान केळीच्या रोगांचे जाणकार. आमच्याकडच्या बागा सोडून ते इक्वेडोर नावाच्या देशात केळीच्या मळ्यांवर नोकरीला गेले, आत्यालाही घेऊन गेले, आणि बऱ्याच वर्षांनी तिथल्याच एका बाईशी संसार मांडून आत्याला त्यांनी विमानात बसवून दिलं. "केळी पाहाले गेला अन् केळीवाली करून बसला," असं आई म्हणायची. अर्थात आत्या गच्चीवर असली तरच. आई शाहपूरची, केळीच्या बागा असलेल्या घरातली. या सगळ्या प्रकरणात केळीची बदनामी झाली याचंच तिला जास्त वाईट वाटायचं.

आम्ही इतवारा मोहल्ल्यात राहायचो, एका कापडाच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत. मागच्या गल्लीत पॉवरलूम होते. त्यांची खटखट इतकी सतत चालायची की वीज जाऊन ती थांबली की आम्ही दचकायचो. त्या आवाजावर मात करायची म्हणून घरात कोणी हळू बोलतच नसे, आणि नवीन पाहुण्याला वाटायचं की या लोकांचं काहीतरी बिनसलंय. बाबा शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवायचे. हिंदी मुलखात मराठी शिकवणारा माणूस जरा जास्तच शुद्ध होतो. बाबा भाजीवाल्याशीसुद्धा 'कृपया' लावून बोलायचे आणि भाजीवाला "क्या बोले गुरुजी?" म्हणून परत विचारायचा. जेवायला कळण्याची भाकरी आणि ठेचा, थंडीत वांग्याचं भरीत, आणि कोणाचा काही आनंदाचा प्रसंग असला की मावा जिलेबी. आत्या आल्यावर त्यात एका पदार्थाची भर पडली. कच्च्या केळीचे जाड काप ती तळायची, वाटीच्या बुडाने चेपायची आणि पुन्हा तळायची. "दोनदा कायले तळतं बाई, तेल काय विहिरीतून येतं?" असं आई दर वेळी म्हणायची आणि सगळ्यांत जास्त काप तीच खायची.

मी तेव्हा बी.ए. होऊन घरी होते. घरी होते म्हणजे, बघायला येणाऱ्यांसाठी हाताशी होते. आत्याच्या त्या पुटपुटण्याचं मला वेड लागलं. एक दिवस मी विचारलंच, "आत्या, काय बोलून राहिली गं?" ती म्हणाली, "काही नाही, वरण उतू चाललं, ते सांगून राहिली." "कोणाला?" "वरणाला." मग हसून तिने तेच वाक्य मला म्हणायला लावलं. तिकडे 'मी' म्हणजे 'माझं' हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दिवसभर घरभर फिरून 'मी कासा, मी कासा' म्हणत होते: माझं घर. 'मी तिया' म्हणजे माझी आत्या. हळूहळू आमचं दोघींचं एक वेगळंच चालायला लागलं. वरण उकळतं, मांजर येतं, आई रागावते, दुकानदार खोटं बोलतो, असलं सगळं आम्ही आईसमोर बिनधास्त बोलायचो. सगळंच साध्या वर्तमानकाळातलं; स्वयंपाकघरात दुसऱ्या काळाची गरजही पडत नव्हती. आई म्हणायची, "मले शिव्या देत असाल तं मराठीतच द्या, मले बी समजू द्या." मला आत्या फार आवडायची. आईपेक्षाही जास्त, असं तेव्हा वाटायचं. हे आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं सगळं नुसतं रागाचं वाटेल.

मग बाबांनी वर्तमानपत्रात दिल्लीच्या एका विद्यापीठाची जाहिरात वाचली. स्पॅनिशचा पूर्ण अभ्यासक्रम, राहायला वसतिगृह, शिष्यवृत्तीही. जागा थोड्या, आणि थोडीफार भाषा येणाऱ्यांना मुलाखत देऊन प्रवेश. बाबांनी ती जाहिरात जेवताना मोठ्याने वाचून दाखवली आणि माझा घास हातातच राहिला. आत्या म्हणाली, "जायलाच पाहिजे. अशी संधी पुन्हा येत नाही, दादा." सगळ्यांत आधी तीच म्हणाली. आईचं मन वळवायला मात्र आठवडे गेले, कारण देडतलाईच्या एका किराणा दुकानवाल्यांकडून मला मागणी आलेली होती. शेवटी आईने अट घातली. "एकदा जाऊन पाह्य. झालं तं झालं. नाही झालं तं गुपचूप बी.एड. कर अन् पाहून देऊ तिथं लग्न कर. मंग पुन्हा दिल्लीचं नाव काढायचं नाही." मी देवासमोर हो म्हणाले. मला खात्रीच होती. गावात स्पॅनिश शिकवणारी एकच बाई, आणि ती माझी आत्या. मी कशी हरणार होते?

मुलाखतीत भूतकाळ, भविष्यकाळ सगळं लागणार, म्हणून आमची खरी शिकवणी सुरू झाली. तिकडच्या क्रियापदांचे आधी तुकडे पाडावे लागतात आणि मग कुठल्या तुकड्यावर जोर द्यायचा ते ठरवावं लागतं. आत्या तुरीच्या शेंगा घेऊन बसायची. एकेका अक्षराला एकेक शेंग फोडायची आणि जोराच्या अक्षराला माझ्या मांडीवर थाप. आब्लार म्हणजे बोलणं. आ-ब्लार, थाप ब्लारवर. आ-ब्लो, मी बोलते, थाप आ वर. आ-ब्ला-मोस, आम्ही बोलतो, थाप मधल्या ब्लावर. शब्दाच्या शेवटी स्वर असला, न किंवा स असला, तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. दुसरं कुठलं व्यंजन असलं तर शेवटच्यावर. याला जिथे अपवाद असेल तिथे त्या अक्षराच्या डोक्यावर एक तिरपी रेघ देतात. मराठी माणसाला हे जड जातं. आपण शब्दात जोर देत नाही. आपण जोर देतो तो भांडताना. संध्याकाळपर्यंत माझी मांडी लाल व्हायची.

बाबांना सुगावा लागला आणि तेही पाट घेऊन ओट्यापाशी येऊन बसायला लागले. "अगं, म्हणजे लघु-गुरूच की!" ते म्हणाले आणि पाटीवर प्रत्येक अक्षरावर वृत्तांच्या खुणा करायला लागले. थोड्याच वेळात त्यांची पंचाईत झाली. ए आणि ओ आपल्याकडे कायमचे गुरू, आणि या भाषेत जिकडेतिकडे ए आणि ओ. "सगळेच गुरू झाले, कुमुद," ते म्हणाले, "मग शिष्य कोण?" पण हार मानतील तर ते बाबा कसले. शेवटून दुसऱ्या अक्षराचा नियम घेऊन त्यांनी क्रियापदांना एक चाल लावली, आम्ही शाळेत गण पाठ करायचो तशी. ती म्हणत मी जिना झाडायचे, केस विंचरायचे. मागच्या गल्लीतल्या मागांची खटखटही त्या चालीत चपखल बसायची. आजही ती चाल माझ्या जिभेवर आहे. आजही चुकीचीच आहे.

एक दिवस बाबा आत्याच्या जुन्या पुस्तकावर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ. 'मी बोलते' ते आब्लो, आणि 'तो बोलला' तेही आब्लो. फक्त दुसऱ्यात शेवटच्या ओवर ही रेघ आहे. मग इथे जोर शेवटी जायला नको का?" आत्याने शेंगेतले दाणे ताटात टाकले. मान वर केली नाही. "नाही दादा," ती म्हणाली, "नामांवरची रेघ खरी. क्रियापदांवरची रेघ नुसती छापण्यापुरती असते, कुठला काळ ते डोळ्यांना दिसावं म्हणून. बोलताना जोर शेवटून दुसऱ्यावरच." बाबांनी विचारलं, "पण मग ऐकणाऱ्याला कळायचं कसं?" "संदर्भानं कळतं. आपल्याकडे हिंदीत 'कल' म्हणतात, मग काल की उद्या ते समजतंच ना?" बऱ्हाणपुरात जन्म काढलेल्या माणसाला हे पटण्यासारखंच होतं. बाबांनी मान डोलावली. मीही डोलावली. त्या दिवसापासून दिल्लीला जाईपर्यंत आत्या माझ्याशी तसंच बोलत राहिली, प्रत्येक भूतकाळ, प्रत्येक भविष्यकाळ, शेवटून दुसऱ्यावर जोर देऊन. एकदाही तिची जीभ घसरली नाही. तिचं स्वतःशी पुटपुटणं मात्र त्याच सुमारास बंद झालं. मला वाटलं, आता बोलायला मी आहे म्हणून असेल.

दिल्लीला बाबा माझ्याबरोबर आले. ते बाहेरच्या बाकावर बसले आणि मी आत गेले. समोर तिघं होते. मधल्या बाईंचे केस पांढरे आणि आखूड, आवाज मऊ. तुझं गाव कसं आहे, घरात कोण कोण आहे, काय खाता, हे त्यांनी स्पॅनिशमध्ये विचारलं आणि मी धडाधड उत्तरं दिली. मागांचा आवाज, केळीचे ट्रक, दोनदा तळलेले काप, सगळं सांगितलं. बाई चक्क हसल्या. मग त्यांनी विचारलं, ही भाषा तुला कोणी शिकवली? या प्रश्नाची तर मी वाटच बघत होते. मी म्हणाले, "मी तिया मे एन्सेन्यो." म्हणजे, माझ्या आत्याने मला शिकवलं. निदान माझ्या मते. एन-से-न्यो, जोर से वर, बाबांच्या चालीत. बाईंच्या कपाळाला आठी पडली. "आत्या? की तुम्ही स्वतः?" त्यांनी हळूहळू विचारलं. मी तेच वाक्य आणखी ठासून म्हटलं. आता मला कळतं की मी ठासून सांगत होते ते हे: आत्या, मी स्वतःलाच शिकवते. मग मी आत्याची सगळी कहाणी सांगायला घेतली. ती परदेशाहून आली, ती आमच्याकडे राबली, ती रडली. पण माझ्या तोंडून निघत होतं: मी येते, मी राबते, मी रडते. शेजारचे गृहस्थ बाईंकडे वळून हिंदीत म्हणाले, "अच्छा, खुद ही सीखा है. तभी." त्या 'तभी'त माझा निकाल लागला. पुढे काय करणार, असं त्यांनी विचारलं, आणि माझा भविष्यकाळ तर त्यांना बहुधा कुठल्याच काळातला वाटला नसेल.

बाई भल्या होत्या. मी उठले तेव्हा त्यांनी एका कागदावर दोन आब्लो लिहिले, एक बिनरेघेचा, एक रेघेचा, आणि दोन्ही मला म्हणून दाखवले. पहिल्यात आवाज सुरुवातीला उंच, दुसऱ्यात शेवटी. "यह लकीर बोलने के लिए ही होती है, बेटा," त्या म्हणाल्या. "तुम्हारे कान अच्छे हैं. किसी से सीख लेतीं तो..."

परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात सगळी क्रियापदं ओळीने म्हणून बघितली. भूतकाळात 'मी' आणि 'तो' तेवढे चुकले होते. भविष्यकाळात एकटा 'आम्ही' सोडला तर बाकी सगळे चुकले होते. बाबा समोर बसले होते. त्यांनी मला काही विचारलं नाही, स्टेशनांवर चहा घेऊन दिला, पांघरूण दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं आणि मला वाटलं, त्यांना अपराधी वाटतंय.

घरी पोचल्यावर आत्याने मला जवळ घेतलं आणि सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "मी काय गं, तिकडच्या बाजारात ऐकून ऐकून शिकलेली," ती म्हणाली. "मला व्याकरण कुठे येतं? दादाला तर शंका आली होती ना त्या रेघेची? तो एवढा पंडित, त्यानं कोणाला तरी विचारून घ्यायला पाहिजे होतं. उलट चाल लावून पक्कंच करून टाकलं." एवढंच बोलून ती पोळ्यांना उठली. मी तडक बाबांकडे गेले. ते वह्या तपासत होते. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. तुम्हाला सगळीकडे तुमची वृत्तं घुसवायची असतात, तुमच्या पोपटपंचीने माझ्या आयुष्याचं वाटोळं केलं, असं म्हणाले. आई मधे पडली, "बापाशी बोलून राहिली का कोनाशी?" म्हणून ओरडली. बाबांनी तिला हातानेच थांबवलं. "चुकलं माझं, शकू," ते म्हणाले. "फार चुकलं." आणि लाल पेन्सिल उचलून पुन्हा वह्या तपासायला लागले. मी त्यांच्याशी बरेच दिवस धड बोलले नाही. आत्याशी बोलत होते. दिल्लीचं दुःख मी तिच्याच कुशीत रडून काढलं, आणि ती माझ्या डोक्यावरून हात फिरवायची.

उन्हाळा लागला. बी.एड.चं ठरलं. आई माहेरी शाहपूरला गेलेली असताना आत्याने बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला काढल्या. ज्वारीचा घाटा खाली शिजत होता आणि ती गच्चीवर ओल्या धोतरावर बिबड्या थापत होती. मी घाट्याचं दुसरं पातेलं घेऊन जिना चढत होते, पातेलं गरम, म्हणून पायरी पायरी थांबत. तेव्हा मला तिचं पुटपुटणं ऐकू आलं. पुष्कळ महिन्यांनी. मला बरंच वाटलं आधी. मग शब्द कळले. "यो एस्पेरो," ती म्हणत होती, आणि हाताने बिबडी थापत होती. "एल नो एस्पेरो." देवनागरीत लिहिलं की दोन्ही सारखेच दिसतात, तेच तर आमचं सगळ्यांचं दुर्दैव. पण पहिल्यात तिचा हात पे वर पडत होता आणि दुसऱ्यात रो वर. मी वाट बघते. त्याने वाट बघितली नाही. मी वाट बघते. त्याने वाट बघितली नाही. मग दुसरी क्रियापदं. त्याने दार लावलं. तो बोलला नाही. प्रत्येक वेळी जोर शेवटच्या अक्षरावर, रेघ जिथे असायला हवी तिथे. दिल्लीच्या त्या बाईंनी म्हणून दाखवलं होतं, अगदी तस्संच. त्यांच्यापेक्षा थोडं चांगलंच.

पातेल्याचे चटके बसायला लागले तेव्हा मी पुढे झाले आणि ते कठड्यापाशी ठेवलं. "तुला येतं," मी म्हणाले.

तिचा हात बिबडीवर थांबला. ती मागे वळली नाही. खोटं बोलेल असं मला वाटलं, बोलावं असंही वाटलं. "हाव," ती म्हणाली. "येतं."

"आधीपासून?"

"इतकी वर्षं तिकडे काढली, शकू. कोणी 'आलो' म्हणून राहिला का 'आला' म्हणून राहिला, एवढं नाही का समजणार मला?"

"मग मला असं का शिकवलंस?"

"तू गेली असती." आता ती वळली. हात कोपरापर्यंत घाट्याने भरलेले. "दिल्लीला गेली असती, तिथून आणखी कुठे गेली असती. तुझ्यासारख्या पोरी वापस येत नाहीत. मग मी काय केलं असतं? कोणाशी बोलले असते? पुन्हा वरणाशी? मला वाटलं, थोडंसं चुकलं तर नंबर लागणार नाही, बस. तुझं दुसरं काही नुकसान नाही. आपल्या घरीच तर राहशील. माझ्याजवळ."

"आणि बाबा? मी बाबांना काय काय बोलले. तू ऐकत होतीस."

"मी त्याचं नाव नाही घेतलं. तू गेली भांडायला. मी नुसतं..." ती पदराने तोंड पुसायला गेली आणि घाटा गालाला लागला. एरवी मी हसले असते. त्या वेळी मला तिची किळस आली. हो, किळसच, दुसरा सौम्य शब्द शोधत बसत नाही. जिच्या कुशीत मी तिनेच केलेल्या जखमेसाठी रडले होते, तिचा तो हात माझ्या डोक्यावरून फिरत होता हे आठवून माझ्या अंगावर काटा आला.

मी हे कधी कोणाला सांगितलं तर ऐकणाऱ्या बायका हमखास तिची बाजू घेतात. बिचारी, म्हणतात, नवऱ्याने टाकलेली. तो तसा भूतकाळ उच्चारणंच तिला जड जात असेल. मीही एके काळी तिच्यासाठी ही सबब शिवून बघितली. बसत नाही. गच्चीवर तिला तो भूतकाळ किती सहज येत होता ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आता माझी नात मोबाइलवर स्पॅनिश शिकते. तो मोबाइल तिच्या चुकीला लगेच टुंग करतो आणि बरोबर काय ते सांगतो. त्याला कोणी सोबतीला नको असतं, म्हणून तो खरं सांगत असावा.

मी खाली आले. बाबांची माफी मागायची होती आणि आत्याला त्यांच्यासमोर उभं करायचं होतं. मी सगळं सांगितलं, धाप लागेपर्यंत सांगितलं. बाबांनी चष्मा काढला. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दिल्लीला कळलं," ते म्हणाले. "तू आत होतीस तेव्हा शेजारी एक मुलगा बसला होता, तिथेच शिकणारा. मी त्याला त्या रेघेचं विचारलं. घरी आल्यावर कुमुदला विचारलं, तर ती रडायला लागली. मग काय विचारायचं राहिलं?"

"आणि तुम्ही मला तसंच राहू दिलंत? माझ्याकडून एवढं बोलून घेतलंत?"

"माझं काय, मी बाप आहे. मला बोललीस तरी उद्या ये म्हणशील, जा म्हणशील. तिला तू माफ केलं नसतंस. तिला दुसरं घर नाही गं शकू. ती कुठे गेली असती?"

बाबा थोर होते असं सगळे म्हणतात. असतील. मला त्या क्षणी एवढंच दिसलं की या दोघा बहीणभावांना सगळं माहीत होतं आणि मला एकटीलाच, जिचं नुकसान झालं तिलाच, सांगण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. त्यांनी बहिणीला सांभाळलं. मला सांभाळायचं राहून गेलं. मी माफी मागायला गेले होते, ती मागितलीच नाही.

पुढे बाबांनी आईशी पहिल्यांदाच भांडून अट मोडायला लावली. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत द्यायची, असं ठरवलं. आणि आत्या माझ्यापुढे येऊन बसली. "आता खरं शिकवते," म्हणाली. "सगळं. एक अक्षर चुकू देणार नाही. तुझी शपथ." तिने माझ्या मांडीवर हात ठेवला, थाप द्यायला. तिच्याशिवाय गावात दुसरं कोण शिकवणार होतं? दिल्लीचा रस्ता तिच्याच जिभेवरून जात होता, हे मला चांगलं कळत होतं. मी तिचा हात बाजूला केला आणि दुसऱ्या दिवशी बी.एड.ला जाऊ लागले. दुसऱ्याला अपशकुन करायला स्वतःचं नाक कापून घेतलं असं आई म्हणाली. म्हणू दे. ती सांगेल त्या प्रत्येक अक्षरावर मी शंका घेत बसले असते, आणि अशी भाषा शिकता येत नाही. त्या दिवसापासून मी आत्याशी स्पॅनिशचा एक शब्द बोलले नाही. मराठीत बोलायचे, व्यवस्थित बोलायचे. मीठ दे, पाणी आलं, तुला पत्र आहे. सुरुवातीला ती मुद्दाम तिकडचं काहीतरी टाकायची, मांजर आलं, आई रागावली, आणि माझ्याकडे बघायची. मी मराठीत "काय?" म्हणायचे. मग तिने ते सोडलं. देडतलाईवाल्यांनी तोवर दुसरी मुलगी केली होती. मला शाहपूरचे मास्तर मिळाले, नोकरी मिळाली, मुलं झाली, आयुष्य काही वाईट गेलं नाही. पण ते मी निवडलेलं नव्हतं.

आत्या अंथरुणाला खिळली तेव्हा बाबा गेलेले होते. तिच्या तोंडातून आधी हिंदी गेली, मग मराठीही गेली. डॉक्टर म्हणाले, होतं असं. उरली ती नुसती तिकडची भाषा. आई, तिचं वय झालेलं, उशाशी बसून असायची आणि मी शाहपूरहून आले की म्हणायची, "पाह्य बरं पोरी, काय म्हनून राहिली ते. तुले समजते ना." मला सगळं समजत होतं, पण आईसमोर मी नाही म्हणून मान हलवायचे. ती पाणी मागायची, मी पाणी द्यायचे. उशी वर कर म्हणायची, मी करायचे. "मंग तुले कसं समजलं?" आई विचारायची. "तोंड सुकलेलं दिसतंय ना," मी सांगायचे. एक दिवस दुपारी आत्याने माझं मनगट धरलं आणि माझं नाव घेऊन स्पष्ट म्हणाली, "नो मे आब्लारास, शकू?" माझ्याशी बोलणार नाहीस का? जोर शेवटच्या अक्षरावर होता, अगदी बरोबर.

आई पुढे वाकली. "काय म्हने?"

"मला काय माहीत, आई," मी म्हणाले. "मला ती भाषा येत नाही."

आत्याला मराठी बोलता येत नव्हतं, पण समजत होतं.